खल तुझ्या हातात, बत्ता माझ्या

इब्राहिम, तुझ्या मयतीला एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती आली हे मला आवडलंही नाही. भद्रकालीपासून कबरस्तानापर्यंत माणसंच माणसं. सराफ बाजारातले पेढीवाले होते. पंचवटीतले दोन भटजी रस्त्याच्या कडेकडेने चालत होते, आपण बरोबर आहोत आणि नाहीही असं दाखवत. भाजीवाल्या बायका कोपऱ्यावर उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. त्यातल्या प्रत्येकाला मी ओळखतो. त्यांच्या बाटल्या मीही भरल्यात, त्यांच्या पोरांच्या जंतांची पुडी मीही बांधली आहे. पण जो तो एकमेकाला सांगत होता, 'आपला इब्राहिम गेला.' चौदा वर्षं एका फळीपाशी तुझ्या शेजारी उभा राहिलो मी. तू निदान माझा थोडा जास्त असायला हवा होतास.

मी तुझ्यावर जळायचो हे तुला ठाऊक होतं. दवाखान्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी ते लपवायला जायचो आणि तू लपवायला मला मदत करायचास, ते जास्त झोंबायचं.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. परवा डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावलं. तुझी काळ्या पुठ्ठ्याची वही त्यांच्या टेबलावर होती, एका खलात किंवा एका बाटलीत घालू नयेत अशा औषधांच्या जोड्या तू जिच्यात लिहायचास ती. साहेब ती छापणार आहेत, जिल्ह्यातल्या सगळ्या कंपाउंडरांना वाटण्यासाठी. मला म्हणाले, "आरंभी त्याच्याविषयी दोन पानं हवीत. तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं? आणि बोटांचं लिही, संकोच करू नकोस. स्वतःच्या चुकीने दोन बोटं गमावली, तरी दुसऱ्यांसाठी वही करून ठेवली, असं लिही. वाचणाऱ्याला धडा मिळेल." मी हो म्हणालो. साहेबांना हो म्हणायची मला सवयच आहे. घरी येऊन ती दोन पानं लिहायला बसलो, आणि हे लिहून होतंय.

तू आलास तेव्हा मी दवाखान्यात दोन वर्षं जुना होतो. रंगाऱ्याचा मुलगा तू, नखांत अजून निळीचा रंग होता. साहेबांनी तुला माझ्या हवाली केलं. डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कशी कातरायची, ती बाटलीला खळीने कशी चिकटवायची, बूच घट्ट बसवण्याआधी बाटली उजेडात का धरायची, हे सगळं मी शिकवलं तुला. तू मान खाली घालून ऐकायचास आणि मधूनच एखादा असा प्रश्न विचारायचास की मला उत्तर यायचं नाही. मग मी म्हणायचो, ते पुढचं आहे, पुढे सांगेन. तू ते पुढचं साहेबांना विचारून यायचास आणि मला येऊन सांगायचास, तेही असं, की जणू मीच तुला सांगितलं होतं. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मी आईला घरी जाऊन सांगितलं. आई म्हणाली, मग तूही हो ना तिखट.

रंगाचं तुझ्या घरचंच होतं. कुठला रंग कुठल्या रंगाला बुडवतो, तुरटी आधी की नंतर, कोणत्या हंड्याला कोणता हंडा लागू द्यायचा नाही, हे तू तुझ्या अब्बांच्या हाताखाली लहानपणीच शिकला होतास. आमच्याकडे सगळं मापानं चालायचं. तू मापाच्या आधी डोळ्यांनी आणि नाकाने ठरवायचास आणि नंतर माप तुझंच म्हणणं खरं करायचं. मिक्श्चर जरा फिकं दिसलं तरी तू ते बाजूला ठेवायचास. चार वेळा मी तुझ्या पाठीमागे ते पुन्हा मोजून पाहिलं, तुझी एखादी चूक सापडावी म्हणून. सापडली नाही.

एक गोष्ट इथं कबूल करतो. रामकुंडावर येणारे यात्रेकरू आजारी पडले की आमच्याकडे यायचे. तुझ्या हातचं पाणी त्यांच्यातल्या कित्येकांनी प्यालं नसतं. मला वाटलं होतं, निदान यांच्या बाबतीत तरी आपला नंबर पहिला. हे मनात आलं याची आज लाज वाटते, पण आलं होतं. आणि झालं काय? तीच मंडळी गवाक्षातून वाकून विचारायची, ते मियाँभाई आहेत का, त्यांच्या हातच्या औषधाला गुण येतो. एका सोवळ्या म्हाताऱ्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं, की तुम्ही द्या हवं तर, पण मिसळू द्या त्यांना.

त्याच बाईंच्या बाटलीची गोष्ट तू लोकांना सांगायचास आणि मला ती कधी आवडली नाही. त्यांना पोटातल्या वायूसाठी सोडा द्यायचा होता, आणि साहेबांनी त्यात थोडं आम्ल लिहिलं होतं. मी घाईत दोन्ही एका बाटलीत घातलं आणि फेस बसायच्या आधीच बूच ठोकलं. बाई त्र्यंबकला निघाल्या टांग्यातून. गाव सुटलं नाही तोच बाटलीने बूच उडवलं, ते टांगेवाल्याच्या मानेला लागलं आणि त्याला वाटलं कुणी गोळी घातली. घोडा बुजला, बाई रामरक्षा म्हणायला लागल्या. संध्याकाळी टांगेवाला दवाखान्यात भांडायला आला तेव्हा तू पुढे झालास, हसून त्याचं समाधान केलंस, बाईंना नवीन बाटली नेऊन दिलीस. साहेबांपर्यंत काही गेलं नाही. नंतर तू मला एवढंच म्हणालास, "सखाराम, दोघांना आधी उघड्यावर भांडू द्यावं, मग दार लावावं." सगळे हसले. मीही हसलो, आणि तीन दिवस तुझ्याशी बोललो नाही.

मग पटकीच्या साथीचं वर्ष आलं. मोरी, अंगण, पायऱ्या, सगळीकडे आम्ही ब्लीचिंग पावडर टाकत होतो. मोरीच्या दगडावर गंजाचे डाग पडले होते आणि साहेब स्वतः तेजाबाची बाटली घेऊन ते धुवायला निघाले. तू धावत जाऊन त्यांचं मनगट धरलंस. दवाखान्यात पंचवीस माणसं बसलेली, आणि साहेबांचं मनगट धरलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. तू म्हणालास, या पावडरीवर तेजाब पडून जो धूर निघेल तो छातीत गेला तर इथं बसलेल्यांना साथीची वाट पाहावी लागणार नाही. साहेब क्षणभर रागावले, मग त्यांनी बाटली तुझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काळ्या पुठ्ठ्याची वही आणली आणि सगळ्यांदेखत तुला दिली. "तुला ठाऊक आहे ते लिहून ठेव, आणि सखाराम, तू ते रोज वाचत जा."

ते 'वाचत जा' माझ्या घशाखाली कधी उतरलं नाही. मी दोन वर्षं जुना, आणि मी वाचायचं, तू लिहायचं. वही फळीवरच असायची, उघडी. तू ती मुद्दाम माझ्या बाजूला ठेवायचास आणि मी ती मुद्दाम ढकलून कापसाच्या डब्यामागे सारायचो. चार वर्षांत मी तिचं एक पान वाचलं नाही. एवढा हट्ट मी शाळेत केला असता तर आज साहेबांच्या खुर्चीवर बसलो असतो.

तुझ्या अडुळशाच्या औषधाने तर माझी झोपच उडवली. खोकल्याचं ते पातळ औषध तू साहेबांच्या परवानगीने केलंस आणि वर्षाच्या आत गावभर झालं. लोक साहेबांना दाखवायच्या आधीच बाटली पुढे करायचे, ते तुमच्याकडचं अडुळशाचं भरा. साहेबांनी त्याच्या चिठ्ठीवर तुझं नाव घातलं नाही, पण सांगताना ते नेहमी 'इब्राहिमचं औषध' म्हणायचे. मला वाटलं, आपलंही एक असावं. सखारामचं काहीतरी.

माझं मंजन मी त्यासाठी काढलं. आमच्या गावी, देवळ्याला, आईचं मंजन गल्लीत प्रसिद्ध होतं. मायफळ, हिरडा, लवंग, कापूर, सगळं वस्त्रगाळ. पण नुसतं आईचं मंजन नेऊन साहेबांसमोर ठेवलं तर ते हसतील असं मला वाटलं. त्यात काहीतरी दवाखान्याचं हवं. तोंड आलेल्या माणसाला आपण क्लोरेटच्या गुळण्या द्यायचो. पांढरे चमकदार खडे, पाण्यात विरघळवून. हिरड्या घट्ट करायला मायफळ आणि तोंड आल्यावर क्लोरेट, दोन्ही एकत्र केले तर यापेक्षा चांगलं मंजन कोणतं? इतकी सोपी गोष्ट इब्राहिमला सुचली नाही याचा मला आनंद झाला. तुला ती का सुचली नसेल, हे मी स्वतःला विचारलं नाही.

ती दुपार तुला आठवत असेल. मेलेल्याला काही आठवतं का, ते मला ठाऊक नाही. पण जिवंत होतास तोवर तुला ती रोज आठवत असणार. दवाखाना बंद होता. साहेब वर जेवत होते. तू घरी जेवायला गेला होतास आणि मी मागच्या खोलीत चिनी मातीचा जाड खल पुढ्यात घेऊन बसलो होतो. मायफळाची पूड, हिरड्याची पूड, लवंगा, कापूर, आणि वरून क्लोरेटचे खडे. सगळं कोरडं. खडे मऊ व्हावेत म्हणून मी जोर लावून घोटत होतो.

तू लवकर आलास. तुझ्या अम्मींनी माझ्यासाठी डब्यात काहीतरी दिलं होतं, तो डबा तू दारातच खाली ठेवलास. तुझ्या नाकाला आधी लवंग कळली असेल, मग तुझी नजर क्लोरेटच्या उघड्या बरणीवर गेली. खलात तेव्हाच बारीक चट् असा आवाज झाला होता. मी तो ऐकला होता. मला वाटलं खडा फुटला.

"सखाराम, थांब," तू म्हणालास. "बत्ता फिरवू नकोस. जसा आहे तसा सोड."

तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर मी घाबरून सोडला असता. तू त्या सोवळ्या बाईंना औषध समजावून सांगायचास तसं हळू सांगितलंस, आणि मला वाटलं, झालं, आता हेही याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी म्हणालो, तुझी वही तुझ्यापाशी ठेव. आणि आणखी एक वळसा दिला.

मग तू वाकलास आणि दोन्ही हातांनी खल उचललास. अंगणात पाण्याची बादली होती, तिकडे न्यायचा होता तुला. तू मला बाजूला हो म्हणालास. पण बत्ता माझ्या हातात होता आणि मी तो सोडला नाही. मी तो सोडला नाही, इब्राहिम. खल तुझ्या हातात, बत्ता माझ्या, आणि मी ओढला. माझं मंजन तू नेऊन ओतून टाकणार आणि संध्याकाळी सगळ्यांना हसून सांगणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बत्ता खलाच्या काठावर घासला. पुढचं मला आवाजाने आठवत नाही, उजेडाने आठवतं.

शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या भुवया गेल्या होत्या आणि कान वाजत होते. तू भिंतीला टेकून बसला होतास, उजवा हात डाव्या काखेत घट्ट दाबून धरलेला. सदरा लाल होत चालला होता. खलाचे तुकडे सगळ्या खोलीत उडाले होते. साहेब जेवणाच्या हातानेच खाली धावत आले. त्यांनी आधी तुझा हात सोडवला, पाहिला आणि डोळे मिटले. मग विचारलं, हे कुणी घोटायला घेतलं?

मी तोंड उघडलं. मी खरंच उघडलं होतं. पण तू आधी बोललास.

"साहेब, माझी चूक झाली."

साहेबांनी त्याच दुपारी तुझी तर्जनी आणि मधलं बोट काढलं. दिवा मी धरला. तो मधेच कलला म्हणून साहेब मला रागावले, आणि तू भुलीत जाता जाता म्हणालास, त्याला रागावू नका, त्याच्याही कानाला लागलंय.

आता सांग, अशा माणसावर जळू नये तर काय करावं? मला वाटलं होतं, निदान आता तरी साहेबांच्या मनातून तू उतरशील. औषधाच्या खोलीत मूर्खासारखी चूक करणाऱ्याला कोण ठेवतं? साहेबांनी तुला महिनाभर घरी बसवलं, पगार चालू ठेवला, आणि परत आलास तेव्हा दारापर्यंत घ्यायला आले. पेशंटांनी तर कमालच केली. डाव्या हातानं दिलेलं काही घेऊ नये म्हणतात. तू डाव्या हाताने बाटल्या द्यायला लागलास आणि लोक त्या दोन्ही हातांनी घ्यायला लागले. चूक करूनही तू मोठा झालास. आणि लोकांच्या लेखी ज्याने काही चूक केली नव्हती, म्हणजे मी, तो जिथं होता तिथंच राहिला. माझी शिक्षा मला मिळाली नाहीच, शिवाय तिचा मानही तू घेऊन गेलास. हे लिहिताना मला कळतंय की हे किती वाईट आहे. पण तुझ्याशी आता खोटं बोलण्यात अर्थ नाही.

त्याच्या दुसऱ्या वर्षी मी देवळ्याला हिवतापाने पडलो होतो. तू सर्व्हिस मोटारीने धुळीत माखून आलास, क्विनीनची बाटली घेऊन. दोन दिवस राहिलास. ताप उतरेपर्यंत माझ्या उशाशी बसायचास आणि उरलेल्या वेळात आईला कांद्याची रोपं लावू लागायचास, तीन बोटांच्या हाताने. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा घरी गेलो, आई मला पाणी द्यायच्या आधी विचारायची, "आते कसा शे तुना दोस्तना हात?" माझी प्रकृती दुसऱ्या क्रमांकावर. स्वतःची आईसुद्धा माणसाला सुखाने जळू देत नाही. आणि मी तिला दर वेळी सांगायचो, बरा आहे. यापेक्षा जास्त मी तिलाही सांगितलं नाही.

एकदाच आपण त्याविषयी बोललो. घाटावर, नारोशंकराच्या देवळाखाली, नदीला बरंच पाणी होतं. मी विचारलं, का सांगितलंस तसं? तू पायरीवरचा एक खडा उचलून पाण्यात टाकलास. मला वाटलं, तू मोठेपणाचं काहीतरी बोलशील आणि मग मला तुझा राग करायला मोकळीक मिळेल. तू म्हणालास, "तुला काढलं असतं साहेबांनी. मग दिवसभर फळीपाशी मी भांडू कुणाशी?" आणि उठून चालायला लागलास. मी मागून आलो. भद्रकालीच्या चौकापर्यंत आपण क्विनीनच्या कडूपणावर वाद घातला. माफी मागायची राहून गेली, ती उद्या मागू म्हणून. उद्या म्हणता म्हणता पाच वर्षं गेली.

यंदा थंडीत तुला निमोनिया झाला. साहेब दिवसातून दोनदा यायचे. मीही दवाखाना उरकून रोज यायचो. तुझ्या अम्मी मला बघितलं की म्हणायच्या, "आ गया बेटा? देख, तेरीच राह देख रहा था." तू खरंच माझी वाट बघायचास की त्या सगळ्यांनाच तसं म्हणायच्या, कुणास ठाऊक. शेवटच्या दिवशी दुपारी तू बोलत होतास. मी ठरवून आलो होतो, आज सांगायचंच. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, कापराच्या बरणीचं झाकण नीट लावतोस ना, उडून जातो तो. मी म्हटलं, लावतो. तू पुन्हा डोळे मिटलेस. मी तासभर बसलो, मग दवाखाना उघडायची वेळ झाली. निघताना तुझ्या पायावर पांघरूण ओढलं. बोलायचं होतं ते बोललो नाही.

आता वहीचं. दोन पानं लिहायची तर वही वाचायला हवी, म्हणून काल मी ती पहिल्यांदा वाचली. ज्या वहीला मी चार वर्षं कापसाच्या डब्यामागे लपवत होतो आणि नंतरची वर्षं बघायला घाबरत होतो, तीच. तुझं अपघाताआधीचं अक्षर रेखीव, उजव्या हाताचं. अपघातानंतरचं डाव्या हाताचं, एकीकडे कलंडलेलं. ओळीओळीला कळतं कुठलं कधीचं ते.

क्लोरेटचं पान मी उघडलं. रेखीव अक्षरात लिहिलं होतं: 'क्लोरेट कोरडे असताना साखर, गंधक, कोळसा, मायफळ, हिरडा अथवा कोणत्याही झाडपाल्याची पूड यांबरोबर खलात कधीही घालू नये. घोटल्यास पेट घेऊन फुटते. लागेल तेव्हा एकटे, धुतलेल्या खलात, पाण्याबरोबर.' उजव्या हाताचं अक्षर. मायफळ लिहिलं होतंस तू, इब्राहिम. हिरडासुद्धा. दोन्ही बोटं जागेवर असताना.

मी कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत बसलो. ज्याने हे लिहून ठेवलं तो माणूस ती चूक करूच शकला नसता. साहेबांच्या डोळ्यांसमोर ही वही इतकी वर्षं फळीवर होती आणि त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण तुझ्यावर त्यांचा विश्वास होता. तू चूक झाली म्हणालास, म्हणजे झाली. आता वही छापखान्यात जाईल. तिथं सगळी अक्षरं सारखी होतील. कोणती ओळ कोणत्या हाताची हे कुणालाच कळणार नाही, आणि त्याआधी माझ्या हाताने लिहिलेली दोन पानं असतील, की याने स्वतःच्या चुकीने बोटं गमावली. जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक फळीवर.

त्या पानाच्या खाली, जागा उरली होती तिथं, डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात आणखी तीन ओळी आहेत. 'चुकून एकत्र झालेच तर बत्ता तिथेच सोडावा. खल उचलू नये, ओढू नये. वरून हळू पाणी ओतावे.' एवढंच. खल उचलू नये, ही तू स्वतःची चूक लिहिलीस. ओढू नये, ही माझी. दोन्ही शेजारी शेजारी, एका ओळीत, नाव न घालता. बोटं गेल्यावर डाव्या हाताने लिहायला शिकलास आणि पहिल्या काही ओळींत मला वाचवून ठेवलंस. मला वाटायचं तू ती वही माझ्या बाजूला सरकवायचास ते मला हिणवायला.

म्हणून ही पानं मी साहेबांना देणार आहे. त्यांनी सांगितलेली नव्हेत, ही. ते वाचतील आणि मला बोलावतील. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. कंपाउंडरला काढलं की दुसरा दवाखाना त्याला उभा करत नाही, त्यातून क्लोरेटवाल्याला तर नाहीच. देवळ्याला कांदे आहेतच. आईला सगळं सांगावं लागेल, तिचं मला जास्त कठीण वाटतं.

आणि होणार काय, तेही मला दिसतंय. लोक वाचतील आणि म्हणतील, बघा, इब्राहिमने मित्राची चूक अंगावर घेतली आणि मरेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. तुझं नाव आणखी मोठं होईल. माझ्या हाताने होईल. आताच माझ्या पोटात दुखायला लागलंय.

होऊ दे मोठं. पण ती बोटं माझ्यामुळे गेली, हे माझ्या नावानिशी छापायला सांगणार आहे मी, क्लोरेटच्या पानाच्या डोक्यावर. गावाने तुला प्रेम दिलं, साहेबांनी मान दिला, माझ्या आईनेही तुझीच चौकशी केली. ते सगळं ठेव तू. त्या दवाखान्यात सोळा वर्षांत स्वतःचं म्हणून माझ्या हातून एकच काम झालं होतं, आणि तेही तू आपल्या नावावर करून गेलास. इब्राहिम, ती चूक माझी आहे. ती मला परत दे.